मुंबईने सोडलं, विदर्भाने धरलं : चंद्रकांत पंडितांच्या पहिल्याच सीझनमध्ये विदर्भ रणजी चॅम्पियन कसा झाला?

टीम हरायला लागली की पहिली कुऱ्हाड कोचवर पडते. फुटबॉल असो, कबड्डी असो की क्रिकेट, रिवाज तोच. पण नवा कोच आल्याने खरंच किती फरक पडतो? महाराष्ट्रात याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे विदर्भाचा २०१७-१८ चा रणजी सीझन.

थोडं मागे जाऊ. भारताचे माजी यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे कोच होते. २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर त्यांच्या मुंबईने सौराष्ट्रला डावाने हरवून रणजी करंडक जिंकला. पुढच्या वर्षीही मुंबई फायनलला पोहोचली, पण जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर स्टेडियमवर गुजरातने बाजी मारली. एक करंडक आणि एक उपविजेतेपद, तेही लागोपाठ. तरीही मुंबईने कोच बदलला आणि विदर्भाने पंडितांना नागपूरला बोलावलं.

विदर्भ तेव्हा कुठे होता?

१९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या या टीमने तोवर कधी सेमीफायनलही पाहिली नव्हती. मात्र 'शून्यातून विश्व' ही गोष्ट इथे पूर्णपणे लागू होत नाही. २०१४-१५ आणि २०१५-१६ असे सलग दोन सीझन विदर्भ क्वार्टर फायनलला पोहोचला होता. वसीम जाफर आणि कर्नाटकचा गणेश सतीश बाहेरून येऊन टीममध्ये रुळले होते. कॅप्टन फैज फजलने भारताकडून एकच वनडे खेळली, त्यात नाबाद ५५ केल्या आणि नंतर त्याला बोलावणंच आलं नाही. थोडक्यात, माल तयार होता. सवय नव्हती ती जिंकण्याची.

पंडितांची ओळख कडक शिस्तीचे कोच अशी. जोडीला बॉलिंग कोच म्हणून सुब्रतो बॅनर्जी होते. गटात विदर्भ पहिला आला. क्वार्टर फायनलमध्ये सुरतला केरळचा ४१२ धावांनी धुव्वा उडाला. फजलने सीझनभरात ९१२ धावा कुटल्या.

खरी परीक्षा कोलकात्यात

सेमीफायनलमध्ये समोर कर्नाटक होतं. याच कर्नाटकने काही दिवसांपूर्वी नागपुरात मुंबईला डावाने लोळवलं होतं. ईडन गार्डन्सवर विदर्भ पहिल्या डावात १८५ वर आटोपला, कर्नाटकने ३०१ केल्या. रणजीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारी टीम पुढे जाते. म्हणजे ११६ धावांनी मागे पडलेल्या विदर्भाला सामना जिंकण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ केल्या. कर्नाटकपुढे टार्गेट होतं १९८. चौथ्या दिवसाअखेर कर्नाटक ७ बाद १११. शेवटच्या सकाळी तळाच्या फलंदाजांनी विदर्भाच्या तोंडचं पाणी पळवलं, एकेक धाव करत आकडा १९२ पर्यंत नेला. तिथे रजनीश गुरबानीने शेवटची विकेट काढली. विदर्भ ५ धावांनी विजयी! गुरबानीच्या या डावात ६८ धावांत ७ विकेट होत्या, सामन्यात १२.

हा गुरबानी सिव्हिल इंजिनीअर. डिग्री घेऊन भलत्याच क्षेत्रात गेलेल्या मंडळींना हा माणूस जवळचा वाटेल.

फायनल इंदूरलाच

२९ डिसेंबर २०१७. समोर दिल्ली आणि मैदान पुन्हा होळकर. वर्षभरापूर्वी पंडित इथेच हरले होते. उमेश यादव भारतीय संघाच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यामुळे नव्हता, म्हणून अकोल्याच्या आदित्य ठाकरेला थेट फायनलमध्ये पदार्पण करायला मिळालं (नावावरून गोंधळ नको, हा वेगवान गोलंदाज). इतक्या मोठ्या सामन्यात नवखा पोरगा उतरवणं हा जुगारच होता.

गुरबानीने हॅटट्रिक घेतली. रणजी फायनलच्या इतिहासातली ती फक्त दुसरी. पहिली तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने १९७२-७३ मध्ये मुंबईविरुद्ध घेतली होती. दिल्ली २९५ वर आटोपली. उत्तरात यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ ठोकल्या आणि विदर्भ ५४७ वर जाऊन थांबला. १ जानेवारी २०१८ ला, चौथ्याच दिवशी, विदर्भाने ९ विकेटनी सामना जिंकला.

मग श्रेय कोचचंच?

एकाच सीझनवरून निष्कर्ष काढणं घाईचं ठरलं असतं. ईडनवर कर्नाटकने आणखी ६ धावा केल्या असत्या तर हा लेखच झाला नसता. पण पुढच्या वर्षी सौराष्ट्रला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. नंतर पंडित मध्य प्रदेशात गेले आणि जून २०२२ मध्ये त्या टीमलाही पहिल्यांदा चॅम्पियन केलं, तेही फायनलमध्ये मुंबईलाच हरवून. तीन टीम, चार करंडक. याला नशीब म्हणणं अवघड आहे.

आयपीएलमध्ये मात्र तीच छडी सगळ्यांना मानवली नाही. पंडित कोलकाता नाइट रायडर्सचे कोच असताना टीमने २०२४ ची ट्रॉफी जिंकली खरी, पण परदेशी खेळाडूंना ही शिस्त जाचक वाटत होती, असं त्या टीमकडून खेळलेल्या डेव्हिड वीसाने नंतर उघडपणे सांगितलं. चार महिने एकत्र राहणारी रणजीची पोरं वेगळी, दोन महिन्यांसाठी आलेले स्टार वेगळे.

आणि विदर्भ? मार्च २०२५ मध्ये नागपुरात केरळविरुद्धची फायनल अनिर्णित राहिली आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक आला. तेव्हा कोच होते उस्मान गनी आणि कॅप्टन होता इंदूरचा तोच शतकवीर, अक्षय वाडकर.