सेवा विनावेतन, परंतु विस्मृत नव्हे

आग लागली की नगरपालिकेचा बंब येतो, त्यावरील माणसे पगारी असतात आणि वय झाले की त्यांना निवृत्तिवेतन मिळते, असे आपण गृहीत धरून चालतो. अमेरिकेतील चित्र मात्र निराळे आहे. २०२० सालच्या अंदाजानुसार त्या देशातील सुमारे १० लक्ष ४१ हजार अग्निशामकांपैकी सुमारे ६ लक्ष ७७ हजार, म्हणजे शंभरातील पासष्ट जण, स्वयंसेवक होते. कुणी सुतार, कुणी दुकानदार, कुणी शिक्षक. घंटा वाजली की हातातले काम टाकून धावायचे, हा त्यांचा परिपाठ. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात शेजाऱ्यांचे असे एक अग्निशामक मंडळ उभारले. त्याचे सभासद चामड्याच्या बादल्या पदरमोड करून बाळगीत. त्या परंपरेचेच हे लोक वारस होत.

परंतु नुसत्या परंपरेवर माणसे टिकत नाहीत. प्रशिक्षण वाढले, नोकऱ्या गावाबाहेर गेल्या आणि नवे तरुण येईनासे झाले. पगार द्यावा तर लहान गावाला तो झेपत नाही, शिवाय स्वयंसेवा ही स्वयंसेवाच उरत नाही. या पेचातून ‘लेंग्थ ऑफ सर्व्हिस अवॉर्ड प्रोग्रॅम’, संक्षेपाने ‘लोसॅप’, ही योजना पुढे आली. दीर्घ सेवेबद्दल गावाने उतारवयात द्यावयाचे पारितोषिक, असा तिचा अर्थ.

अशा योजना दोन प्रकारच्या असतात. पहिलीत मिळावयाची रक्कम आधी ठरते : सेवेच्या दर वर्षामागे दरमहा अमुक डॉलर. पैसा कमी पडला तर तो उभा करण्याची चिंता गावाची. दुसरीत भरावयाची रक्कम ठरते : स्वयंसेवकाच्या खात्यात गाव दरवर्षी ठराविक अंशदान जमा करते, ते गुंतविले जाते, आणि वाढून जे होईल ते त्याचे. शेवटी किती हाती येईल याची हमी कुणीच देत नाही. हिला निश्चित अंशदानाची योजना म्हणतात. येथे वचन आहे ते दर वर्षीच्या भरण्याचे, म्हातारपणाच्या उत्पन्नाचे नव्हे. हा भेद ज्याने ओळखला त्याला अर्धी योजना कळली.

न्यू जर्सी राज्याचा १९९७ सालचा कायदा या दुसऱ्या प्रकारचा आहे. मूळ कायद्याने वार्षिक अंशदान किमान १०० आणि कमाल १,१५० डॉलर ठरविले असून महागाईप्रमाणे ते वाढविण्याची सोय ठेवली आहे. योजना सुरू करावयाची तर गावच्या मतदारांचा कौल घ्यावा लागतो, कारण पैसा त्यांच्याच करांतून जाणार. पाच वर्षे सेवा झाल्याखेरीज खात्यावरील हक्क पक्का होत नाही. चौथ्या वर्षी गाव सोडणारा, कितीही धावला असला तरी, रिकाम्या हाताने जाऊ शकतो.

शिवाय नुसते नाव नोंदवून भागत नाही. न्यूयॉर्क राज्यात वर्ष मोजले जाण्यासाठी ५० गुण मिळवावे लागतात. ते आगीच्या हाकेला धावणे, कवायत, प्रशिक्षण, सभा, पदाची जबाबदारी अशा कामांतून जमतात. हजेरीची वही नीट ठेवली नाही तर केलेली सेवाही हिशेबात येत नाही.

आता थोडे गणित करू. दरवर्षी १,००० डॉलर वीस वर्षे जमा झाले आणि ५ टक्के चक्रवाढ दराने वाढले, तर अखेरीस सुमारे ३३,०६६ डॉलर होतात. दर ३ टक्के पडला तर सुमारे २६,८७० आणि काहीच वाढ झाली नाही तर मुद्दल २०,०००. म्हणजे दोन स्वयंसेवक सारख्याच आगी विझवूनही, केवळ बाजाराच्या चढउतारामुळे, निरनिराळी रक्कम घेऊन घरी जातील. त्यातही ५ टक्क्यांच्या हिशेबात ३३ हजारांपैकी सुमारे २०,५०० हे पहिल्या दहा वर्षांच्या भरण्याचे फळ असते. आरंभीचे अंशदान लहान वाटले तरी काळ त्याच्या बाजूने असतो.

आयकराच्या दृष्टीनेही हे पारितोषिक वेतन ठरू नये म्हणून मर्यादा आहे. एका वर्षाच्या सेवेपोटी पूर्वी कमाल ३,००० डॉलर चालत. २०१७ सालच्या कायद्याने २०१८ पासून ती मर्यादा ६,००० केली आणि ती महागाईशी जोडली. खर्चाची भरपाई आणि नाममात्र मानधन यांपलीकडे जो घेत नाही, तोच खरा स्वयंसेवक, ही त्यामागील भूमिका.

हे सर्व दूरदेशीचे म्हणून सोडून देण्याजोगे नाही. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेत, सैन्यदले वगळून, दाखल झालेल्यांना जी राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू झाली, तिचा सांगाडा हाच आहे : भरणा ठरलेला, फलित अनिश्चित. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने ठराविक निवृत्तिवेतनाची हमी देणारा एकीकृत योजनेचा पर्याय पुढे ठेवला, तो याच अस्वस्थतेपोटी. आपली मुले नोकरीला लागताना पगाराचा आकडा विचारतात. आपण वडीलधाऱ्यांनी त्यांना आणखी तीन प्रश्न विचारावयास शिकवावे : दरवर्षी किती जमा होणार, हक्क केव्हा पक्का होणार, आणि तोटा झाला तर तो कुणाच्या पदरी?

न्यू जर्सीतील एखाद्या गावाचे मतदार कौल देतात, तेव्हा ते आपल्या शेजाऱ्याच्या जोखमीची किंमत करीत नाहीत. जळत्या घरात शिरणाऱ्याची किंमत हजार डॉलरांत होत नसते. तो धावत होता तेव्हा आम्ही पाहत होतो, एवढेच ते नोंदवून ठेवतात. मात्र ही कृतज्ञता म्हातारपणी भाकरीच्या उपयोगी पडावयाची असेल तर तिचा हिशेब वेळेवर आणि चोख राहिला पाहिजे.