कमी मार्क आणि लांबचं कॉलेज: काय खरं, काय ऐकीव

बारावीचा निकाल 50 टक्क्यांच्या आसपास लागला की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'आता चांगल्या कॉलेजात कोण घेणार याला?' आणि 'निदान पुण्याला तरी पाठवू.' पहिल्यात भीती आहे, दुसऱ्यात आशा. जून-जुलैत गावोगाव फिरणाऱ्या प्रवेश एजंटांचा धंदा या दोन्हींवर चालतो. मार्क कमी असलेल्या मुलाला फसवणं सोपं जातं, कारण त्याच्या घरचे लोक चार प्रश्न विचारायला संकोचतात. म्हणून हे जरा सविस्तर.

सर्वांत मोठा गैरसमज असा की बारावीचे टक्केच सगळं ठरवतात. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशाची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे मार्क लागतात ते मुख्यतः पात्रतेसाठी: भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून खुल्या गटाला 45 टक्के, राज्यातल्या मागास प्रवर्गांना 40 टक्के. दिल्ली विद्यापीठात तर 2021 साली काही अभ्यासक्रमांची कटऑफ 100 टक्क्यांवर गेली होती. 2022 पासून तिथले पदवी प्रवेश सीयूईटी या सामाईक परीक्षेवर होऊ लागले. तेव्हा ज्याचे बोर्डाचे मार्क घसरले पण प्रवेश परीक्षा बरी गेली, त्याने यादी लागण्याआधीच हार मानू नये. उलट एनआयटीसारख्या संस्थांत जेईईचा गुणांक चांगला असूनही बारावीत 75 टक्के, किंवा बोर्डातल्या पहिल्या 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान, ही अट आडवी येते. प्रत्येक दाराची अट वेगळी आहे, ती त्या-त्या माहितीपुस्तिकेतच वाचावी.

'लांबच्या शहरात जागा जास्त, म्हणून तिथे सहज मिळेल' हा हिशोब बहुधा उलटा पडतो. विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयांत सर्वसाधारणपणे 70 टक्के जागा त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठी आणि 30 टक्के बाहेरच्यांसाठी असतात. राज्यभराच्या एकाच यादीतून भरणाऱ्या काही संस्था याला अपवाद आहेत. आपलं 'होम युनिव्हर्सिटी' कोणतं, हे बारावी कुठून उत्तीर्ण झालो यावर ठरतं. लातूरला बारावी केलेल्या मुलाचं घर भले सोलापूरला असो, तो नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रातला धरला जातो, आणि पुण्यात त्याला त्या 30 टक्क्यांत झगडावं लागतं. मार्क आधीच कमी असताना हा फरक जड जातो.

शिवाय पुण्याची पदवी म्हणजे नेमकं काय? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात नाशिक आणि अहिल्यानगर हे जिल्हेही येतात. संगमनेरच्या संलग्न कॉलेजातून शिकलेल्याच्या पदवीवर त्याच विद्यापीठाचं नाव असतं. शहराचे फायदे खरे आहेत, पण ते इंटर्नशिप, ग्रंथालयं आणि सोबतीचे. हिंजवडीजवळच्या एखाद्या इमारतीत शिक्षकच नसतील, तर पत्ता कामाला येत नाही.

आता मॅनेजमेंट कोट्याबद्दल. तो बेकायदा असतो असा एक समज आहे, आणि तिथे पैसे मोजले की काम झालं, असा दुसरा. दोन्ही चूक. खासगी विनाअनुदानित संस्थांना काही जागा स्वतःच्या पातळीवर भरता येतात, पण त्यासाठीही जाहिरात आणि गुणवत्ता यादी लागते. ठरलेल्या फीवर पावतीशिवाय मागितलेलं डोनेशन 1987 च्या कॅपिटेशन फी मनाई कायद्याने गुन्हा आहे. संस्थेची मंजूर फी राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. एजंटाने सांगितलेला आकडा तिच्याशी ताडून बघा.

पण खरा तोटा पुढे आहे आणि तो कुणी सांगत नाही. कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी गटांतल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) आलेल्यांनाच मिळते. मॅनेजमेंट कोटा, खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं तिच्याबाहेर आहेत. म्हणजे कॅप राउंडमध्ये यादीतलं पाचवं-सहावं कॉलेज मिळालं म्हणून ते सोडून कोट्यातून 'नावाजलेलं' घेतलं, तर चार वर्षांची सवलतच सोडल्यासारखं होतं. माझं मत ठाम आहे: कमी मार्कांच्या मुलीने कोट्याकडे वळण्याआधी कॅपचा ऑप्शन फॉर्म लांबलचक भरावा, अगदी न आवडणाऱ्या नावांसकट.

फी माफ झाली तरी मेस आणि कॉट बेसिसवरच्या खोलीचं भाडं उरतंच. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही, तर स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. मात्र तिला किमान गुणांची अट आहे.

'परराज्यातल्या विद्यापीठाची पदवी, वर्ग मात्र इथेच' अशा जाहिराती कमी मार्कवाल्यांसाठीच असतात. एका राज्याचं खासगी विद्यापीठ दुसऱ्या राज्यात केंद्र उघडून पदवी देऊ शकत नाही. छत्तीसगडमध्ये 2002 च्या कायद्याखाली निघालेली शंभराहून अधिक खासगी विद्यापीठं सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या निकालाने रद्द झाली, आणि गोंधळाचा त्रास विद्यार्थ्यांनी सोसला.

कमी मार्क पुढे अजिबात आड येत नाहीत, असं मात्र म्हणता येणार नाही. कॅम्पसवर येणाऱ्या अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत 60 टक्के मागतात. स्पर्धा परीक्षांचं तसं नाही: यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला पदवी पुरते, टक्क्यांची अट नाही. ज्याचं बारावीचं गणितच कच्चं आहे, त्याला दहावीवर मिळणारी पदविका आणि तिथून थेट दुसऱ्या वर्षाच्या अभियांत्रिकीचा रस्ता उघडा आहे. घरून जाऊन-येऊन करता येणारं पॉलिटेक्निक असेल, तर मी तोच आधी सुचवेन.

आणि एकदा भरलेली फी गेलीच, हेही खरं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या किमान 15 दिवस आधी प्रवेश रद्द केला तर जवळपास पूर्ण फी परत मिळायला हवी. त्यानंतर 90, 80, 50 टक्के अशी उतरत जाते आणि शेवटच्या तारखेनंतर महिना उलटला की काहीच मिळत नाही. मूळ गुणपत्रिका पडताळून लगेच परत द्यायच्या असतात. कॅपच्या प्रवेशाला सीईटी कक्षाच्या रद्दीकरणाच्या तारखा लागू होतात. त्या आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.