नावडतं गाणं कानात कसं बसतं?

कर्जतहून सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या लोकलच्या काही डब्यांत भजन चालतं. गाडीने फलाट सोडला की पिशव्यांतून टाळ निघतात, कुणीतरी ढोलकी मांडीवर घेतो, बुवा गळा साफ करून सुरुवात करतात आणि बाकीचे झील धरतात. नेरळ मागे पडेपर्यंत अभंग रंगात आलेला असतो. बदलापूरची गर्दी आत घुसते तेव्हा गजर टिपेला पोचलेला असतो. दोन तासांच्या प्रवासात झोप काढायची म्हणून खिडकी पकडलेल्या माणसाला हे सगळं नकोसं होतं. मुंबईतलं घर परवडेना म्हणून कर्जत-नेरळच्या नव्या वसाहतींत आलेली कितीतरी मंडळी सुरुवातीला या डब्याच्या नावाने बोटं मोडतात. कुणी कानांत इअरफोन खुपसतो, कुणी पुढच्या डब्यात जातो.

पण त्यांतलेच काही जण, काही महिन्यांनी पाहावं तर, मांडीवरच्या बॅगेवर बोटांनी ठेका धरून बसलेले असतात. पुढे दसऱ्याच्या सुमारास डबा फुलांनी सजवायची वर्गणीही देतात. गाणारे तेच असतात, चालीही त्याच. टाळांचा आवाज तर तसूभरही कमी झालेला नसतो. मग या माणसाच्या दोन कानांच्या मध्ये नेमकं झालं काय?

गाणं ऐकताना मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. आता कोणता सूर येईल, ओळ कुठे संपेल, ठोका कुठे पडेल, याची भाकितं तो क्षणाक्षणाला करतो आणि लगेच पडताळूनही पाहतो. यासाठी शिकवणी लागत नाही. १९९६ साली जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची एक सलग माळ फक्त दोन मिनिटं ऐकवली. कोणतं अक्षर कोणत्या अक्षरामागून हमखास येतं, हे तेवढ्यात बाळांनी टिपलं होतं. नंतरच्या प्रयोगांत अक्षरांच्या जागी सूर ठेवले, तरी तेच दिसलं. बोलता येण्याआधीपासून आपण न मोजता मोजत असतो!

आता भजनाकडे याच नजरेने पाहा. भजनी ठेका आठ मात्रांचा. बुवा एक ओळ म्हणतात, मंडळी ती उचलतात, पुन्हा बुवा, पुन्हा मंडळी. तीच ओळ दर खेपेला थोडी वेगळी वळते: कधी वरच्या सुरावरून उतरते, कधी मध्येच एखाद्या जुन्या सिनेमातल्या गाण्याची चाल डोकावते. मग ढोलकी दुगुन लावते, टाळांची गती वाढते आणि सगळं एका ठोक्यावर येऊन थांबतं. ज्याला ही रचना माहीत नाही त्याच्या मेंदूला एकही भाकीत करता येत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला उरतो तो नुसता खणखणाट. ज्याच्या कानात ती मुरली आहे त्याला दुगुन कधी लागणार याची चाहूल आधीच लागते आणि तो त्या क्षणाची वाट पाहू लागतो.

खरी मौज या वाट पाहण्यातच आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलरी सालिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अंगावर काटा आणणारं आपापलं आवडतं संगीत लोक ऐकत होते आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन कुठे स्रवतं, हे संशोधक पाहत होते. काटा येतो त्या क्षणी ते एका भागात स्रवलं, हे अपेक्षितच होतं. पण त्याच्या काही सेकंद आधी, तो क्षण जवळ येतोय एवढ्या चाहुलीनेच, ते मेंदूच्या दुसऱ्या एका भागात स्रवू लागलं होतं. गाण्यातला निम्मा आनंद असा आगाऊ मिळतो, आणि पुढे काय येणार हे ठाऊक असल्याशिवाय तो मिळतच नाही. अनोळखी संगीत म्हणूनच बिचारं पहिल्या भेटीत मार खातं.

मात्र सगळं ठाऊक झालं की कंटाळा येतो, हेही खरं. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या व्हिन्सेंट च्युंग आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली अमेरिकेतल्या ७४५ लोकप्रिय गाण्यांतले ८० हजार स्वरमेळ संगणकाकडून तपासून घेतले आणि त्यांतले निवडक तुकडे लोकांना ऐकवले. दोन प्रसंगी आनंद सर्वांत जास्त दिसला. पुढे काय येणार याची पक्की खात्री असताना भलतंच काही आलं तेव्हा, किंवा काहीच अंदाज नसताना ओळखीचं काही आलं तेव्हा. अभंगाच्या मध्यावर सिनेमाची चाल डोकावली की जाणकार माना का डोलावतात, ते इथे कळतं. ओळ कुठे चालली आहे याची त्यांना खात्री असते आणि बुवा नेमके तिथेच हुलकावणी देतात. पण हुलकावणी कळायला आधी सरळ वाट पायाखालची असावी लागते.

ही वाट पायाखालची होते ती पुन्हा पुन्हा कानावर पडण्याने. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवलं की अनोळखी चेहरे, निरर्थक शब्द, चिनी वाटाव्यात अशा आकृत्या नुसत्या वारंवार समोर आल्या तरी माणसाला त्या बऱ्या वाटू लागतात. त्यासाठी कारण लागत नाही, बक्षीसही लागत नाही. संगीतात याला एक मजेशीर पदर आहे. टोरांटो विद्यापीठात २००४ साली झालेल्या एका अभ्यासात काही जणांना संगीताचे तुकडे लक्ष देऊन ऐकायला सांगितले होते, तर काहींना दुसऱ्या कामात गुंतवून तेच तुकडे मागे वाजत ठेवले होते. लक्ष देऊन ऐकणाऱ्यांची आवड आधी वाढली आणि अति झाल्यावर घसरली. ज्यांचं लक्ष दुसरीकडे होतं त्यांची मात्र वाढतच गेली. म्हणजे डुलकी काढत, पेपर वाचत, मोबाइल चाळत नाइलाजाने भजन ऐकणारा खिडकीतला प्रवासी हा या प्रयोगातला आदर्श उमेदवार म्हणायचा. ऐकायचं नाही असं ठरवूनच तो सगळ्यात पक्कं ऐकतो!

भजनाला आणखी एक गोष्ट साथ देते. ओळ पुन्हा पुन्हा म्हणणं हा त्याच्या रचनेचाच भाग आहे. एलिझाबेथ मार्ग्युलिस या संशोधिकेने लुचानो बेरिओ आणि एलियट कार्टर या विसाव्या शतकातल्या, सामान्य श्रोत्याला अवघड जाणाऱ्या संगीतकारांच्या रचना घेतल्या आणि संगणकावर कापून-जोडून त्यांतले काही तुकडे दोनदा येतील असं केलं. श्रोत्यांना या बदललेल्या आवृत्त्या मूळ रचनांपेक्षा जास्त आवडल्या. इतकंच काय, त्या माणसाने रचलेल्या असाव्यात असंही त्यांना अधिक वाटलं. एका नामवंताच्या रचनेत यंत्राने केलेली ढवळाढवळ लोकांना मुळापेक्षा मानवी वाटावी, ही पुनरावृत्तीची ताकद. झील धरणाऱ्यांना हे कुणी सांगायची गरज पडली नाही.

भजनाला निदान देवाचं नाव असतं. खरी कसोटी लागते ती बेंजोची. लग्नसराईत खालापूर-खोपोलीकडच्या कुठल्याही गावात संध्याकाळी उतरा, हळदीच्या मांडवातून किंवा वरातीतून बेंजो पार्टीचा आवाज येईल. टेम्पोवर भोंगे, ताशा, ढोलक, ऑक्टापॅड, आणि या सगळ्यावर स्वार झालेला तो पातळ, धारदार सूर. शहरी कानाला हा सूर पटकन झेपत नाही. ‘कर्कश’ हा त्याच्याबद्दलचा ठरलेला शब्द.

हा सूर निघतो कुठून, ते जवळ जाऊन पाहण्यासारखं आहे. लांबट पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांच्या वर टंकलेखन यंत्रासारख्या बटणांची ओळ. डाव्या हाताने बटण दाबलं की ते तारेवर टेकतं आणि सूर ठरतो. उजव्या हाताने तार छेडायची. मुख्य तारा जोडीने एकाच सुरात लावलेल्या असतात, पण दोन तारा तंतोतंत सारख्या कधीच लागत नाहीत. त्यांच्यातल्या केसभर फरकामुळे सूर थरथरतो आणि ध्वनिवर्धकातून तो थरथराट गावभर पोचतो. अमेरिकेतल्या गोल, चामडं ताणलेल्या बँजोशी आपल्या बेंजोचं नावापुरतंच नातं. याचे पूर्वज जपानी. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता याने ‘ताइशोगोतो’ नावाचं बटणांचं तंतुवाद्य बनवलं. तेच पुढे भारतात येऊन बुलबुलतरंग झालं, त्याला वीज जोडली गेली आणि बेंजो म्हणून ते आपल्या वरातींत शिरलं. खालापूरच्या हळदीत आगरी-कोळी गाण्यांवर पोरं नाचतात ती अशी एका जपानी वाद्याच्या तालेवार नातवावर. रवी जाधव यांनी २०१६ साली याच कलाकारांवर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा या वाद्याला पडद्यावर थोडा मान मिळाला.

बेंजोवर जाणकारांचा आक्षेप असा की बटणावर सूर ठरून गेला, आता मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, कुठून काढणार? आक्षेप बरोबर आहे, पण आपण तो आधीही ऐकला आहे, आणि तोही अशा वाद्याबद्दल जे आज आपल्याला घरचंच वाटतं. हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबॅं याने घेतलं. भारतात आल्यावर तिची हाताने भाता हलवायची पेटी झाली. मराठी संगीत नाटकाने तिला उचलून धरलं, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला बोलकं केलं. तरीही परदेशी, ठोकळेबाज सुरांची, मींड न जमणारी म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला बाहेरचा रस्ता दाखवला. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. आज गावातल्या देवळात पेटीशिवाय भजनाला उभं राहायचं म्हटलं तर बुवाच आधी नाही म्हणतील. एका माणसाच्या कानाला जे काही महिन्यांत होतं ते अख्ख्या समाजाच्या कानाला व्हायला काही दशकं लागली. पॅरिसकरांनी तर याहून घाई केली. २९ मे १९१३ रोजी संगीतकार स्त्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेच्या पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांनी गोंधळ घातला आणि १९१४च्या एप्रिलमध्ये तेच संगीत ऐकून त्याच शहरातल्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

काही सूर मुळातच गोड आणि काही मुळातच कडू, असं तरी असेल ना? जॉश मॅक्डरमॉट आणि सहकाऱ्यांनी बोलिव्हियातल्या ॲमेझॉन खोऱ्यात राहणाऱ्या त्सिमाने लोकांना पाश्चात्त्य कानाला गोड वाटणारे आणि खटकणारे असे दोन्ही स्वरमेळ ऐकवले. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की त्यांना दोन्ही सारखेच सुखद वाटले. जे आपण कानाचा उपजत धर्म समजत होतो, त्यातलं बरंचसं ऐकून ऐकून अंगवळणी पडलेलं निघालं.

शिवाय नावडतीचं मीठ अळणी, हा न्याय संगीतालाही लागतो. बेंजो नको म्हणणाऱ्याला पुष्कळदा बेंजोवर नाचणारी माणसं नको असतात, आणि ओळख झाली की ही अढी सुटते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रौढांच्या वर्गांचा सात महिने मागोवा घेतला. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. शेवटी सगळ्यांचीच मैत्री झाली, पण गाणाऱ्यांची सर्वांत लवकर जमली. डब्यातल्या भजनी मंडळींनी पहिल्याच दिवशी सरकून जागा दिली असेल, तर गाणं आवडण्याचं निम्मं काम तिथेच झालेलं असतं.

या सगळ्याला मर्यादाही आहेत. झायन्सचा नियम अनोळखी गोष्टींना छान लागू पडतो. जे मनापासून नकोसं आहे ते वारंवार लादलं तर तिटकारा वाढूही शकतो. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की काही धडधाकट माणसांना कोणतंच संगीत सुख देत नाही, बाकीच्या सुखांना मात्र ती नेहमीसारखी दाद देतात. त्यांना अरसिक म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे. आणि आवाजाच्या पातळीला तर सवयीचं औषधच नाही. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्री दहानंतर भोंगा बंद करा म्हणणारा शेजारी संगीताचा शत्रू नव्हे.

पण या मर्यादा वगळल्या, तर एखादं गाणं पहिल्यांदा ऐकून नाक मुरडलं यातून एवढंच कळतं की ते आपल्याला अजून ठाऊक नाही. म्हणून कर्जतच्या लोकलमध्ये असाल तर महिनाभर डबा बदलू नका. हळदीचं बोलावणं आलं तर बेंजोवाल्याच्या डाव्या हाताकडे बघत थोडा वेळ उभे राहा. लक्ष देऊन ऐकायचीही सक्ती नाही, नुसतं कानावर पडू द्या. एवढं करूनही नाही आवडलं, तर ‘मला हे आवडत नाही’ असं खुशाल सांगा. तेव्हा ते तुम्ही ऐकून ठरवलेलं असेल.