मेन स्ट्रीट म्हणताना जोर कुठे?

‘स्वारगेट’ लिहायला चार अक्षरे लागतात, पण बोलताना दोनच सिलॅबल होतात: स्वार्-गेट्. ‘शनिवारवाडा’ तर कोणीही ‘शनिवा-रवाडा’ असा तोडत नाही. ‘वार’ संपतो तिथला अ आपण गिळतो आणि जोडशब्दाचा सांधा नेमका कळतो. इंग्रजी जोडशब्दही आधी सांध्यावरच तोडायचा, हे मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. अडते ते पुढे, कारण इंग्रजीत सांध्याच्या कोणत्या बाजूला जोर पडतो यावर अर्थ ठरतो. ‘इंग्लिश टीचर’मध्ये ‘इंग्लिश’वर जोर दिला तर इंग्रजी विषयाचा शिक्षक, ‘टीचर’वर दिला तर जन्माने इंग्रज असलेला शिक्षक. आपले वैयाकरण याला समासाचा फरक म्हणतील, आणि ते बरोबरच ठरेल. पतंजलीच्या महाभाष्यात हीच गोष्ट आहे. इंद्राला मारणारा मुलगा व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला; पण मंत्रातल्या ‘इंद्रशत्रु’ शब्दाचा उदात्त स्वर शेवटी लागायचा तो पहिल्या पदावर लागला. तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, ‘इंद्राला मारणारा’ऐवजी ‘इंद्र ज्याला मारणार तो’ असा अर्थ निघाला आणि तो मुलगा, वृत्र, इंद्राच्याच हातून मेला. संस्कृतात आवाज चढे आणि इंग्रजीत जोर वाढतो, एवढा भेद मान्य. काम मात्र एकच.

यावर कोणी म्हणेल, संदर्भावरून अर्थ कळतोच की! बहुतेक वेळा कळतो. पण चुकीच्या जागी जोर पडला की इंग्रजी ऐकणारा क्षणभर अडखळतो, आणि त्या क्षणात पुढचे दोन शब्द निसटतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: इंग्रजीचा नियमच पक्का नाही. ‘अ‍ॅपल केक’मध्ये जोर ‘अ‍ॅपल’वर, ‘अ‍ॅपल पाय’मध्ये ‘पाय’वर! खरे आहे, पण बेशिस्तीतही रीत असते. रस्त्याच्या नावात ‘स्ट्रीट’ असेल तर जोर आधीच्या शब्दावर, ‘रोड’ असेल तर ‘रोड’वर. पुण्याच्या कॅम्पातला एकच रस्ता म्हणून इंग्रजीत दोन चालींनी म्हणावा लागतो: जुने नाव ‘मेन स्ट्रीट’ घेताना जोर ‘मेन’वर, ‘एमजी रोड’ म्हणताना ‘रोड’वर. मराठीत जोराने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान हा फरक सोडून देतो. त्याला तो मुद्दाम ऐकवायला हवा. इंग्रजी कोशात उच्चार देताना, ज्या सिलॅबलवर जोर त्याच्या आधी वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ असते. मुलांना जोडशब्द शिकवताना अर्थाच्या आधी ती रेघ दाखवा.