डिफेंडरची 'खट्'

जुन्या लँड रोव्हर डिफेंडरचा क्लच सोडताना मागून 'खट्' आवाज आला, की संशय थेट गिअरबॉक्सवर जातो. फार खर्चिक संशय! आधी मागच्या चाकाच्या मधोमध असलेली टोपी काढून पाहा. आत हाफ शाफ्टचं दातेरी टोक ड्राइव्ह फ्लँजमध्ये बसलेलं असतं आणि इंजिनाची ताकद चाकाला मिळते ती या दात्यांमधूनच. वंगण सुकलं, पाणी शिरलं की दाते गंजून झिजतात, तांबूस भुकटी दिसू लागते.

चाक जॅकवर घेऊन मागे-पुढे फिरवा. शाफ्ट जागीच राहून फ्लँज हलली, तर दोष तिथेच. पण उरलेल्या चाकांना ठोकळे लावाच. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही, प्रॉपेलर शाफ्टवर चालतो, त्यामुळे एक मागचं चाक उचललं की गाडी घरंगळू शकते.

फ्लँज 5 बोल्टांवर असते, सर्क्लिप काढली की हाती येते. शाफ्टचे दातेही झिजले असतील तर फक्त फ्लँज बदलणं ही खोटी काटकसर. जुने दाते नवीन फ्लँज खातात. वाटेतच दाते साफ गेले, तर डिफरन्शियल लॉक लावून पुढच्या चाकांवर सावकाश घर गाठता येतं.