ताठ रोपाच्या आत काय चाललंय?

बडोद्याच्या आसपास पहिल्या दमदार पावसावर कपाशी, तूर, मका पेरला जातो आणि मग कधी कधी पाऊस दडी मारतो. कोंब वर आलेले, माती भेगाळू लागलेली. अशा वेळी बांधावर हमखास ऐकू येतं, "रोपं ताठ आहेत, काळजी नाही."

इथेच पहिली चूक. मुळांजवळची ओल ओसरू लागली की ताठ दिसणाऱ्या रोपातही अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि पानांवरची पर्णरंध्रं मिटू लागतात. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येईनासा होतो. ऊन मात्र थांबत नाही. पानांनी पकडलेली प्रकाशऊर्जा साखर बनवण्यात खपत नाही. तिचा काही भाग ऑक्सिजनकडे वळतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल रसायनं तयार होतात. उलट, भर दुपारी मलूल झालेलं रोप संध्याकाळी सावरलं, तर बहुधा फारसं बिघडलेलं नसतं.

"पाणी नाही म्हणजे रोप झोपतं, ऊर्जा कशाला लागते?" हाही गैरसमजच. वाढ मंदावते हे खरं. पण क्षारांची ने-आण, प्रोलीनसारख्या द्रव्यांची साठवण, मोडतोडीची दुरुस्ती, सगळ्याला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, लागतं. ते पेशीतल्या तंतुकणिका श्वसनातून पुरवतात आणि त्यासाठी साखर जळते. दोन पानांच्या तुरीकडे साठा तो किती? मातीतल्या डाळिंब्यांत उरलंसुरलं तेवढंच.

पेशीपटल म्हणजे नुसती पिशवी नव्हे. मेदाच्या दुहेरी थरात बसवलेली प्रथिनं काय आत घ्यायचं, काय बाहेर सोडायचं ते ठरवतात. ती जहाल रसायनं या मेदावरच घाला घालतात. पटल गळू लागतं, पोटॅशियम बाहेर पडतं. तंतुकणिकेचं आतलं पटल गळलं तर आणखी वाईट: एटीपी बनतं ते या पटलाच्या दोन बाजूंना असलेल्या प्रोटॉनांच्या फरकावर. तो फरक टिकला नाही, की साखर जळते आणि हाती येतं कमी.

ही गळती मोजता येते. पानाच्या चकत्या शुद्ध पाण्यात काही तास ठेवायच्या, पाण्याची विद्युतवाहकता मोजायची, मग चकत्या पाण्यासकट उकळून, थंड करून पुन्हा मोजायची. पहिला आकडा दुसऱ्याच्या जितका जवळ, तितकं नुकसान जास्त.

"पाणी दिलं की सगळं पूर्ववत"? ताण सौम्य असेल तर हो. पटलंच फाटली असतील तर पाण्याने ती सांधत नाहीत. आणि कोमेजल्या रोपाला उभारी म्हणून कोरड्या मातीत युरिया टाकणं तर टाळाच. मुळांभोवतीचं द्रावण आणखी दाट होतं, आणि पाणी ओढणं त्यांना अधिकच जड जातं. त्यापेक्षा कोळपणी करून भेगा बुजवा; आहे ती ओल तरी टिकेल.