प्रवाळाला किती प्रकाश हवा?

घाटकोपर, मुलुंड किंवा अंधेरीच्या बाजारातून संध्याकाळी जाताना शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानापाशी आपली पावले क्षणभर थांबतात. गोड्या पाण्याच्या टाकीवर साधा पांढरा दिवा असतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीवर मात्र बहुधा निळसर दिवा दिसतो. हा निळा रंग केवळ शोभेसाठी असेल काय? समुद्री टाकीत प्रवाळ ठेवणाऱ्यांना दिव्यांची इतकी काळजी का करावी लागते? याचे उत्तर प्रवाळाच्या शरीरात दडलेले आहे.

प्रवाळ दिसतो झाडासारखा किंवा दगडासारखा. परंतु तो प्राणी आहे. खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत अतिसूक्ष्म, एकपेशीय शैवाले राहतात. ही शैवाले प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करतात व त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. अनेक जातींना लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी मिळते. मोबदल्यात शैवालांना आसरा आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे दिवा लावायचा तो प्राण्यासाठी नव्हे, तर त्याच्या पोटातल्या या भाडेकरूंसाठी!

आता रंगाकडे वळू. पाणी सर्व रंगांचा प्रकाश सारखाच शोषत नाही. स्वच्छ समुद्रात १० मीटर खोलीवर गडद लाल प्रकाशाचा जेमतेम शंभरावा भाग उरतो. निळ्या प्रकाशाचा मात्र तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग तेथे पोहोचतो. म्हणून प्रवाळातील शैवालांचे जीवन मुख्यतः निळ्या प्रकाशावर चालते. त्यांच्यातील हरितद्रव्य ४३० ते ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश उत्तम शोषते, तर पेरिडिनिन नावाचे रंगद्रव्य निळा-हिरवा प्रकाशही कामी लावते. घरच्या टाकीत पाणी असते अवघे अर्धा मीटर. तेवढ्या पाण्यात गडद लाल प्रकाश सुमारे एक-पंचमांशच कमी होतो. समुद्राचे जे काम येथे पाणी करू शकत नाही, ते दिव्याला करावे लागते. म्हणून दिवाच निळसर निवडतात.

दुसरा प्रश्न तीव्रतेचा. आपल्या डोळ्यांवर येथे विसंबता येत नाही. डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असतो. निळा दिवा आपल्याला मंद भासला तरी शैवालाला तो पुरेसा असू शकतो. म्हणून एका चौरस मीटरवर एका सेकंदात प्रकाशसंश्लेषणास उपयोगी असे किती प्रकाशकण पडतात, हे मोजतात. त्यासाठी मायक्रोमोल हे एकक वापरतात. भर दुपारच्या उन्हात हा आकडा सुमारे २,००० असतो. काही मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतात. उथळ, स्वच्छ पाण्यातील फांद्यांच्या प्रवाळांना २५० ते ३५० लागतात. जास्त प्रकाश म्हणजे जास्त चांगले, असे मात्र नाही. अतिप्रकाशात शैवालांची यंत्रणा बिघडते, प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाणी तापले तरी तेच घडते. जुने मेटल हॅलाइड दिवे पाणी तापवीत. आजचे एलईडी दिवे पाण्यात उष्णता कमी सोडतात. मुंबईच्या मे महिन्यात हा फरक लहान नव्हे. शिवाय प्रवाळाला रात्रही हवी. उष्ण कटिबंधात दिवस सुमारे १२ तासांचाच असतो.

थोडक्यात, दिवा निवडायचा म्हणजे त्या प्राण्याचे मूळ घर ओळखायचे. याचे उत्तम उदाहरण आपल्या दाराशीच आहे. मुंबईच्या गढूळ समुद्रातही प्रवाळ आहेत! वरळी व हाजीअलीच्या खडकांवर, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या भागात त्यांच्या लहान वसाहती आढळतात. हे प्रवाळ गाळ आणि अपुरा प्रकाश सोसून जगतात. पण सोसण्यालाही सीमा असते. गाळ वाढला की प्रकाश घटतो आणि प्रवाळाचे अंगही गाळाखाली झाकले जाते. सागरी किनारा मार्गाच्या बांधकामाच्या वेळी, २०२० साली, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने येथील काही वसाहती दुसऱ्या जागी हलवाव्या लागल्या.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. खडक बांधणारे प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. किनाऱ्यावरून ते उचलणे, विकणे वा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. ओहोटीला खडकांवर गेलात तर पाहा, टिपणे काढा, पण हात लावू नका आणि त्यांच्यावर पाय पडू देऊ नका.

मग प्रयोग कशावर करायचा? हायड्रिलावर! काचेच्या बरणीत पाणी घेऊन त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवा. हायड्रिलाची ताजी फांदी कापलेले टोक वर येईल अशी बुडवा. एलईडी दिवा १० सेंटिमीटर अंतरावर ठेवा. पाच मिनिटे थांबून, एका मिनिटात टोकातून किती बुडबुडे निघतात ते मोजा. हेच २० आणि ४० सेंटिमीटर अंतरावर करा. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की प्रकाश जवळजवळ चौथा हिस्सा उरतो. बुडबुडेही त्याच प्रमाणात घटतात काय? नसतील, तर का? मग दिव्यापुढे लाल, निळा व हिरवा जिलेटिन कागद धरून पाहा. मात्र निष्कर्ष काढण्यापूर्वी विचार करा: तिन्ही कागद सारखाच प्रकाश आत सोडतात काय?

आकड्यांचा तक्ता करून वर्गात शिक्षकांना दाखवा. पुढच्या वेळी दुकानातला तो निळा दिवा दिसला, की त्यामागचा समुद्रही तुम्हांला दिसेल.